रस, चोथा आणि उपवास



नाताळ झाला, लग्नसराईही आटोपत आली. गेले दोन महिने आपल्या गावांत मांडव होते, बँड होता, आणि पानात मटण, इंद्याल, फुगे यांची रेलचेल होती. कोणी नको म्हटले तरी यजमान वाढत होते आणि आपणही आग्रह मोडवत नाही म्हणून खात होतो. आता पँट कमरेला घट्ट होऊ लागली आहे, डॉक्टरांच्या दवाखान्यात साखरेचे आणि कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट येऊ लागले आहेत, आणि समोर राखेचा बुधवार दिसू लागला आहे.

अशा वेळी अलीकडे एक नवा शब्द आपल्या घरांत शिरला आहे : 'ज्यूस क्लिन्झ'. कोणी त्याला 'डिटॉक्स' म्हणते. तीन, पाच किंवा सात दिवस जेवण बंद करायचे आणि फक्त फळांचा व भाज्यांचा रस प्यायचा. असे केल्याने शरीरात साठलेले विष निघून जाते आणि आतून शुद्धी होते, असे सांगतात. आपल्या काही तरुण मुलामुलींनी आणि काही मध्यमवयीन मंडळींनीही प्रायश्चित्तकाळाचा आरंभ असाच करायचे मनात योजले आहे. म्हणजे शरीराची शुद्धी आणि आत्म्याचीही शुद्धी, एका दगडात दोन पक्षी!

त्यांचा हेतू चांगला आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु या दोन शुद्धी खरोखर एकाच दगडाने साधतात का, या प्रश्नावर आज आपण थोडा विचार करू या. रसाचा उपवास हा उपवास आहे काय? आणि नसेल, तर मग तो काय आहे?

प्रथम शरीराकडे पाहू. हा प्रकार आपल्याकडे नवीन असला तरी अमेरिकेत जुना आहे. स्टॅन्ली बरोज नावाच्या गृहस्थांनी लिंबाचा रस, मेपल झाडाचा पाक आणि लाल तिखट पाण्यात घालून दहा दिवस तेवढेच पिण्याची पद्धत १९७६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यानंतर असे अनेक प्रयोग निघाले आणि आता तर रसाच्या बाटल्या घरपोच येतात. या सर्वांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : शरीर हे तुंबलेल्या गटारासारखे आहे आणि ते अधूनमधून धुऊन काढले पाहिजे.

पण परमेश्वराने शरीर असे बनवलेले नाही. आपल्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. आपली मूत्रपिंडे तेच रक्त पुन्हा पुन्हा घेऊन दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यातील लिटर-दीड लिटरच मूत्र म्हणून बाहेर टाकतात. यकृत हेही अहोरात्र हेच काम करते. आपण झोपलेले असतो, भांडत असतो, मिस्सेला उशिरा पोहोचत असतो, तेव्हाही ही शुद्धी चालू असते. त्यासाठी बाटली विकत घ्यावी लागत नाही. आणि ज्यांचे यकृत किंवा मूत्रपिंड खरोखर बिघडले आहे त्यांना रसाने नव्हे, डॉक्टरांच्या उपचाराने गुण येतो.

मग तीन दिवसांत दोन किलो वजन उतरते ते कसे? आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा असतो, सुमारे चारशे-पाचशे ग्रॅमचा. त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी असते. खाणे तोडले की हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जाते. वजनकाटा खाली येतो. आपण पुन्हा भात-मासे खाऊ लागलो की साठा भरतो आणि काटा परत वर चढतो.

रस काढताना आणखी एक गोष्ट घडते. एका पेल्याला तीन-चार संत्री लागतात. रस पेल्यात येतो आणि चोथा टोपलीत जातो. पोट भरल्याची जाणीव देणारा, कोठा साफ ठेवणारा आणि साखर रक्तात हळूहळू जाऊ देणारा जो भाग, तो बहुतांशी त्या चोथ्यातच असतो. अडीचशे मिलिलिटर संत्र्याच्या रसात सुमारे वीस ग्रॅम साखर असते, म्हणजे चार-पाच चमचे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने साखरेविषयी सूचना दिल्या. तिने फळांच्या रसातील साखर ही वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजली आहे आणि अशी साखर दिवसाला शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी असे सुचवले आहे. अख्ख्या फळातील साखर मात्र तिने त्यात धरलेली नाही. चार संत्री आपण एका बैठकीत खात नाही. चार संत्र्यांचा रस मात्र दोन मिनिटांत पितो.

येथे काही मंडळींना आम्ही कळकळीने सावध करू इच्छितो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. आपल्यापैकी अनेक घरांत तो आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण सोडून नुसत्या रसावर राहणे धोक्याचे आहे, साखर एकदम चढते किंवा एकदम उतरते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना फळांच्या रसातील पोटॅशियम आणि पालक-बिटाच्या रसातील ऑक्झलेट यांचा अपाय होऊ शकतो. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी अचानक भरपूर पालेभाजीचा रस घेतला तर काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले आणि वृद्ध यांनी तर या वाटेला जाऊच नये. दुधीच्या रसाविषयी वेगळे सांगायला हवे. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस कारल्याच्या रसात मिसळून प्यायल्यामुळे मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने सांगितले की, दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा, कडू लागला तर दुधी फेकून द्यावा, आणि त्याचा रस दुसऱ्या रसात मिसळू नये. मिसळला तर कडूपणा कळत नाही. आपल्या वाडीतला दुधी असला तरी हा नियम पाळावा.

याचा अर्थ हा सर्व प्रकार अगदी व्यर्थ आहे असे नाही. या क्लिन्झची एक पूर्वतयारी असते. रस सुरू करण्याआधी चार-पाच दिवस चहा-कॉफी कमी करा, दारू बंद करा, तळलेले आणि पाकिटातले खाऊ नका, मांस कमी करा, साधी भाजी, फळे, डाळ खा, पाणी प्या, वेळेवर झोपा, असे त्यात सांगितलेले असते. अनेकांना त्या दिवसांतच हलके वाटू लागते. मग रसाचे तीन दिवस येतात, डोके दुखते, चिडचिड होते, आणि शेवटी जे बरे वाटते त्याचे श्रेय रसाला मिळते! आम्हांला वाटते, श्रेय तयारीच्या दिवसांना द्यावे. ज्याला आपण तयारी म्हणतो तेच खरे तर काम आहे. ते चार दिवसांवर न थांबता चाळीस दिवस चालले, आणि चाळीस दिवसांनंतरही त्यातले थोडे टिकले, तर रसाची गरजच उरणार नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. 'शुद्धी' या शब्दाने आपण काय समजतो?

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू स्पष्ट सांगतो की, बाहेरून पोटात जाणारे अन्न माणसाला भ्रष्ट करीत नाही. हेवा, लोभ, कपट, गर्व हे जे अंतःकरणातून बाहेर येते ते भ्रष्ट करते. हे वचन आपण आपल्याला सोयीचे तेवढेच घेतो. जेवणाच्या बाबतीत कोणी टोकले की, 'प्रभूनेच सांगितले आहे, खाल्ल्याने काही बिघडत नाही' असे म्हणून आणखी एक वाटी घेतो! परंतु प्रभूने येथे खादाडपणाला परवाना दिलेला नाही. त्याने शुद्धीचा पत्ता सांगितला आहे. ती पोटात शोधू नका, हृदयात शोधा, असे त्याचे सांगणे आहे. सात दिवस गाजराचा रस पिऊन ज्याने भावाशी बांधावरून चाललेला अबोला मोडला नाही, त्याचे पोट कदाचित हलके झाले असेल, पण शुद्धी झाली असे म्हणता येणार नाही.

तर मग शरीराची काळजी घेणे हे केवळ ऐहिक काम आहे काय? मुळीच नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिले आहे की, आपले शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि आपण आपल्या स्वतःच्या मालकीचे नाही. याईरच्या मुलीला उठवल्यावर प्रभूने सर्वांत आधी काय सांगितले? तिला काहीतरी खायला द्या. पुनरुत्थानानंतर शिष्यांसमोर त्याने भाजलेला मासा खाल्ला. आपला विश्वास शरीराचा तिरस्कार करीत नाही. ज्याच्यावर लहान मुले अवलंबून आहेत त्याने बीपीची गोळी न घेता मिरवणे आणि 'देवाच्या मनात असेल तसे होईल' म्हणणे ही श्रद्धा नव्हे, ती बेजबाबदारी आहे. जे शरीर आपल्या मालकीचे नाही ते सांभाळायची जबाबदारी मात्र आपली आहे.

पण सांभाळणे आणि पूजणे यांत फरक आहे. सहाव्या शतकातील पोप संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ते उचलून धरले. फार खाणे हा त्यांपैकी एकच प्रकार. वेळेआधी खाणे, फार महागडे खाणे, आधाशीपणाने खाणे हे आणखी तीन. आणि पाचवा प्रकार ऐकून आश्चर्य वाटेल : खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असणे, 'मला अमुकच हवे आणि तमुकच पद्धतीने हवे' असा हट्ट धरणे. म्हणजे थोडे खाणारा मनुष्यही खादाड असू शकतो! कारण दोघांच्याही मनात दिवसभर एकच विषय असतो, माझे ताट. १९९७ साली अमेरिकेतील स्टीव्हन ब्रॅटमन या डॉक्टरांनी 'ऑर्थोरेक्सिया' हा शब्द काढला. शुद्ध आणि आरोग्यकारक अन्नाचाच ध्यास लागून माणूस आजारी पडतो, अशा अवस्थेसाठी तो वापरतात. संत ग्रेगरींनी चौदाशे वर्षांपूर्वी त्याच दिशेला बोट दाखवले होते.

आता उपवास. आपल्या देशात उपवास आणि फळांचा रस यांचे एक जुने नाते आहे. २६ सप्टेंबर १९३२ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींनी आपले उपोषण सोडले ते कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन. आजही कोणी उपोषण सोडले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात रसाचा पेला हाती घेतलेला फोटो असतो. म्हणजे आपल्याकडे रसाने उपवास सुटतो, आणि नव्या पद्धतीत रसानेच उपवास सुरू होतो. ही केवळ गंमत नाही. गांधीजींच्या उपोषणाशी कोणाचे मतभेद असतील, तेव्हाही होते. पण ते उपोषण स्वतःच्या प्रकृतीसाठी नव्हते, हे कोणीही मान्य करील.

ख्रिस्ती उपवासाचेही तसेच आहे. दुसऱ्या शतकात अरिस्टायडीस नावाच्या ख्रिस्ती लेखकाने आपल्या पूर्वजांचे वर्णन केले आहे. त्यांच्यात कोणी गरीब असला आणि इतरांजवळ देण्याइतके नसले, तर ते दोन-तीन दिवस उपास करीत आणि वाचलेले अन्न त्याला देत. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठ्ठावन्नावा अध्याय हेच सांगतो : परमेश्वराला आवडणारा उपास म्हणजे जोखड मोडणे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, उघड्याला वस्त्र देणे. म्हणून उपवासाला तीन अंगे आहेत, प्रार्थना, त्याग आणि दान. यांतील पहिले व तिसरे काढून टाकले की दुसरे उरते, आणि त्याला आहारनियंत्रण म्हणतात. ते वाईट नाही. पण त्याला उपवासाचे नाव देऊ नये, कारण मग आपले समाधान होते आणि खरा उपवास राहून जातो.

कोणी म्हणेल, 'आमचा हेतू शुद्ध असला, रसाच्या तीन दिवसांत आम्ही प्रार्थनाही केली आणि दानही दिले, तर?' तर उत्तम! ख्रिस्तसभेचे नियम याबाबत कठोर नाहीत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंत राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी उपवास करावा, दिवसात एकच पूर्ण जेवण घ्यावे, आणि चौदा वर्षांवरील सर्वांनी मांसाहार वर्ज्य करावा, एवढाच तो नियम आहे. आजाऱ्यांना त्यातूनही सूट आहे. ज्याची प्रकृती चांगली आहे त्याने एक दिवस फळे खाऊन काढला तर त्याला कोणी अडवणार नाही. (मात्र रस हे अन्नच आहे, हे मिस्सेला येताना लक्षात असू द्यावे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तास पाणी आणि औषध यांखेरीज काही घेऊ नये, हा नियम रसालाही लागू आहे.) आमचे म्हणणे एवढेच की, बाटल्यांच्या हप्त्याला जेवढे पैसे गेले तेवढेच दानपेटीत पडले का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. बाटल्यांना हजारो आणि भुकेल्याला दहा रुपये, असा हिशेब असेल तर तो त्याग कोणासाठी होता?

आणि त्या चोथ्याचे काय? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली सांगितले होते की, टाकून दिलेले अन्न हे जणू गरिबाच्या पानातून चोरलेले असते. पाच फळांचे सत्त्व काढून घेऊन उरलेले टाकायचे, आणि याला शुद्धी म्हणायचे! आपल्यापैकी ज्यांच्या घरी वाडी आहे, ज्यांचे आईवडील पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला जात, त्यांना हे जास्त सांगायला नको. एक केळीचा घड व्हायला किती महिने लागतात, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्या वसईच्या जुन्या माणसांनी जास्तीची केळी फेकली नाहीत, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी केली.

घरातली आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. घरात एकाचा रस सुरू झाला की तो बहुधा दुसऱ्या कोणाला तरी काढावा लागतो. पहाटे उठून भाज्या धुणारी, मिक्सर लावणारी, गाळणारी आणि मग बाकीच्यांचा नेहमीचा स्वयंपाक करणारी ती आई, सून किंवा पत्नी असते. एकाची शुद्धी आणि दुसऱ्याचे कष्ट, हे काही बरोबर नाही. शिवाय तो एक जण ताटावर येत नाही. आपण संध्याकाळी रोझरी म्हणून एकत्र जेवणारी माणसे. सगळ्यांचा आहार थोडा सुधारला तर जेवण एकत्रच राहते. एकाचाच फार सुधारला तर तो एकटा पडतो.

म्हणून या प्रायश्चित्तकाळासाठी आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो. फळ प्यावे त्यापेक्षा खावे. ताटाचा अर्धा भाग भाज्या, पालेभाज्या आणि फळे यांनी भरावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात असेच चित्र आहे. शेवगा, लाल माठ, वाल, दुधी, नाचणी हे सारे आपल्याकडचेच आहे, त्याला परदेशी नाव लागत नाही. चहातली साखर एक चमचा कमी करावी आणि ती ईस्टरनंतरही कमीच ठेवावी. मासा तळण्याऐवजी आठवड्यातून काही वेळा कालवणात टाकावा. लोणचे, पापड आणि सुकी मासळी यांत मीठ फार असते, ती बेताने खावीत. पाकिटातला खाऊ मुलांच्या हाती देण्याऐवजी केळे द्यावे. ज्यांना दारूची सवय आहे त्यांनी चाळीस दिवस ती सोडावी, आणि सोडवत नसेल तर लाज न बाळगता मदत मागावी. औषधे घेणाऱ्यांनी कोणताही बदल डॉक्टरांना विचारून करावा. आणि जे वाचेल, मग ते पैसे असोत वा धान्य, ते घरात एका डब्यात बाजूला ठेवून ज्याला गरज आहे त्याच्याकडे पोहोचवावे.

यात धडाक्याचे काही नाही. तीन दिवसांत कोणाच्या डोळ्यांत भरेल असे काही घडणार नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःवरच हसून केली आहे. ती आपल्या ईस्टरच्या दुपारलाही लागू पडते! सद्गुण हा एका उसळीत मिळत नाही, तो सवयीने अंगी मुरतो, असे संत थॉमस यांची शिकवण सांगते. आणि दानीएल आणि त्याच्या सोबत्यांची आठवण ठेवू या. त्यांनी बाबेलच्या राजवाड्यात दहा दिवस भाजी आणि पाणी घेतले आणि त्यांची तोंडे टवटवीत दिसली. परंतु टवटवीत दिसण्यासाठी त्यांनी ते केले नव्हते. परक्या राजाच्या ताटावर बसूनही आपण कोणाचे आहोत हे त्यांना विसरायचे नव्हते.

येत्या चाळीस दिवसांत आपणही ताटावर बसताना क्षणभर थांबू या, अन्न देणाऱ्याचे, पिकवणाऱ्याचे आणि रांधणाऱ्याचे आभार मानू या, आणि ज्याच्या ताटात आज काही नाही त्याची आठवण करू या. मग पोटाला जेवढे हवे तेवढे खाऊ या. प्रभू आपल्याला निरोगी शरीर आणि उदार अंतःकरण देवो.